चौथ्या पानावर फक्त माझं नाव

मी लिहिणारी नव्हे, छापणारी बाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, छापखान्याच्या आठवणी द्या. मी म्हटलं, "अहो, जन्मभर दुसऱ्यांचं उलटं वाचत आले, आता सुलटं लिहायला बसवता होय?" ते हसले, चहा प्यायले आणि गेले. मीही विसरले असते. पण त्याच आठवड्यात एक प्रकार झाला.

सुट्टीत लोणावळ्याला आलेला एक कॉलेजचा मुलगा माझ्या पुतण्याशी हुज्जत घालत होता. छापखाना आता पुतण्या बघतो. सरकारी कॉलेज, कॉलेजचं मासिक, प्रिन्सिपॉलांनी त्यातला ह्याचा लेख काढून टाकलेला. आणि हा विचारतोय, तेवढी जागा कोरी ठेवून छापाल का? पुतण्या नाही म्हणाला. मी आत मेथी निवडत होते, ती जुडी हातात तशीच राहिली. स्वराज्य आलं, झेंडा लागला, आणि पोरं अजून हेच विचारताहेत! तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. बसते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. सून म्हणते, "काय हरवलंय का?" काय सांगू तिला? म्हणून लिहिते आहे.

बाजारात आमचा एका ट्रेडलचा छापखाना. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र. माझे यजमान तापानं गेले, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, यंत्र मोडीत घाला आणि माहेरी जा." मी म्हटलं, "मला इथं कामं पडली आहेत, तुम्हीच जाऊन या." खिळे जुळवायला यजमानांनीच शिकवलं होतं, हौसेनं नव्हे, जुळारी टिकत नव्हते म्हणून. खिळा म्हणजे शिशाची कांडी, तिच्या टोकाला उलटं अक्षर. एकेक उचलून ओळ लावायची, ओळींचं पान करायचं आणि ते पान लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून आवळायचं. त्याला फर्मा म्हणतात. फर्मा नीट आवळला असेल तर उचलून हलवला तरी एक खिळा पडत नाही. माझा पडत नसे.

यंत्र चालवायला बाबूमामा होते, नवलाख उंबरे गावचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "बाई, मला वाचता येत न्हाई म्हून मी शांत झोपतो," असं म्हणायचे.

छापखाना नावावर करून घ्यायला मॅजिस्ट्रेटपुढं लिहून द्यावं लागे. तिथल्या कारकुनानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाईंच्या नावावर? उद्या भलतंसलतं काही छापलं तर तुरुंगात कोण जाणार?" मी म्हटलं, "मीच जाईन, स्वयंपाकातून तेवढीच सुटका." इंग्रजांचा कायदा असा की कागदाचं चिटोरं जरी छापलं तरी खाली छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण पाहिजे. सरकारला मजकूर खुपला की आधी त्या नावाला धरायचं, जामीन मागायचा, यंत्राला सील ठोकायचं. लिहिणारा पळून जाईल. छापणारा यंत्र डोक्यावर घेऊन कुठं पळणार?

तसं आमच्याकडं सरकारला खुपण्यासारखं काय छापलं जायचं म्हणा! लग्नपत्रिका, सॅनिटोरियमच्या पावत्या, नाटकाच्या जाहिराती. त्यात एकेक नग गिऱ्हाईक. इंदुरी गावचे एक आबा बैल हरवल्याची हस्तपत्रकं छापायला आले. "वर चितर पायजे," म्हणून हटून बसले. माझ्याजवळ जनावराचा ठसा एकच, दूधवाल्याच्या जाहिरातीतली गाय. मी सांगितलं, ही गाय आहे. तर म्हणतात, "शिंगं हायती न्हवं? मग छापा." छापली. आठवड्यानं आबा परत आले ते तणतणत. "लोकं बैलाचं वर्नन वाचत न्हाईत, चितर बगत्यात. दारात गायी आनून बांधल्यात, आनि वैरन मी घालतोय!" बैल नंतर सापडला म्हणे, आपल्या पायानंच घरी आला.

आणि लग्नपत्रिकांची भांडणं तर विचारूच नका. जे छापलं त्यावरून कधी कुणी भांडलं नाही. जे नाव गाळलं त्यावरून मात्र एक चुलता काठी घेऊन दुकानात आला होता. माणसाला नाव नसलेली जागा बरोबर दिसते, हे मला त्या चुलत्यानं शिकवलं.

आता दगडूचं सांगते. तोच सांगायचा आहे, बाकीचं उगाच चाललंय.

लोणावळ्याहून पुण्याकडं जाताना मधल्या एका स्टेशनाजवळ सरकारी ट्रेनिंग शाळा होती. प्राथमिक शाळेचे मास्तर तयार करायची शाळा. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. चाळीसेक विद्यार्थी, विशी-बाविशीतले, बहुतेक मावळातल्या शेतकऱ्यांचे मुलगे. शिकून सर्टिफिकेट मिळालं की सरकारी मास्तरकी पक्की. त्या काळी घरात एक मास्तर झाला की सगळ्या भावकीची मान वर व्हायची. शाळेला लागूनच मुलांची एक लहान शाळा होती. हे होणारे मास्तर तिथं पाठ द्यायला, म्हणजे शिकवण्याचा सराव करायला जात.

या विद्यार्थ्यांचं 'पाटी' नावाचं चार पानी मासिक होतं, नावालाच मासिक, निघायचं तीन महिन्यांनी, ते मी छापायची. आधी मी खिळे जुळवून कच्चा छाप काढायचा, तो हेडमास्तरांनी वाचायचा, 'छापावे' असं लिहून सही करायची, मगच फर्मा यंत्रावर चढायचा. विद्यार्थी लिहिणार, सरकारी शाळेच्या नावानं निघणार, आणि हेडमास्तरांच्या सहीशिवाय त्यातला काना-मात्रा हलणार नाही, अशी रीत. बहुतेक मजकूर सूर्योदयावर असे.

दगडू शेडगे त्याचा संपादक झाला आणि सूर्योदय संपले. दगडू गडाखालच्या तिकोणा पेठ गावचा. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचा. लिहायचा पुस्तकी शुद्ध मराठीत, बोलायचा गावच्या बोलीत. मी एकदा छेडलं, "दोन दगडू आहेत की काय रे?" तर म्हणतो, "लिवनारा सरकारचा हाय, काकू. बोलनारा आयचा."

पावसाळी अंकासाठी त्यानं चौथ्या पानभर एक लेख आणला, 'ओटीवरचा वर्ग'. त्या लहान शाळेत ठाकरवाडीची आणि महारवाड्यातली काही पोरं यायची. त्यांना वर्गात घेत नसत. बाहेर ओटीवर बसवत. सगळ्या मुलांना एकत्र बसवावं असा सरकारी हुकूम होता, तोही हेडमास्तरांच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेला. दगडूनं शिव्याशाप काही दिले नव्हते. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं होतं. त्यातल्या चार ओळी मला आजही पाठ आहेत, कारण त्या मी एकेक अक्षर उचलून जुळवल्या आहेत: 'ओटीवरील मुलांस मास्तरांचा आवाज ऐकू येतो, मास्तर दिसत नाहीत. पावसाळ्यात आवाजही ऐकू येत नाही. मी पाठ देण्यास गेलो असता त्यांपैकी एकाने मला विचारले, गुरुजी, फळा म्हणजे काय?'

जुळवताना माझा हात थांबला. मी कधी थांबत नसे.

कच्चा छाप घेऊन मी स्वतःच गेले. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. पुण्याचे, स्वच्छ धोतर, मोत्यासारखं अक्षर, विद्यार्थ्यांच्या दुखण्याखुपण्याला रात्रंदिवस उभे राहणारे. त्यांनी लेख वाचला, चष्मा काढला, पुसला आणि लाल पेन्सिलीनं पान वरपासून खालपर्यंत खोडलं.

मी म्हटलं, "खोटं आहे का हो यात काही?"

"खरं आहे म्हणून तर," ते म्हणाले. "बाई, मी त्या पोरांना उद्या आत घेतो. परवा गावकरी बाकीची पोरं काढून नेतील. शाळा बंद पडेल. मग ओटीवरच्यांनाही काही नाही. हळूहळू करायच्या गोष्टी असतात या. आणि डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे आहेत." डेप्युटी म्हणजे शाळा तपासणारे शिक्षण खात्याचे अधिकारी. "त्यांच्या हातात अंक द्यायचा आहे. शाळेचं मासिक शाळेच्या अब्रूसाठी असतं."

आणि खाली त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: 'खोडलेला मजकूर वगळून छापावे.' सही केली.

दुसऱ्या दिवशी दगडू छापखान्यात आला. खोडलेलं पान बघितलं. चिडेल, निदान दोन शब्द बोलेल असं वाटलं होतं मला. तो खालचा शेरा आणि सही परत परत वाचत राहिला. मी म्हटलं, "बस. असं होतं. एखादी कविता दे, नाहीतर मी आरोग्याचे नियम टाकते. माझ्याकडं जुळवलेले तयार आहेत." छापखान्यात भरताड म्हणून अशा मजकुराचा साठा असतोच. जागा उरली की घाला.

"न्हाई, काकू," तो म्हणाला. "चौथं पान कोरं छापा."

"कोरं?"

"त्यांनी लेख वगळायला सांगितलंय. दुसरं घालायला कुटं सांगितलंय?"

मी सही परत वाचली. खरंच नव्हतं सांगितलं. मी म्हटलं, "अरे गाढवा, शाळेतून काढतील तुला. मास्तरकी गेली मग. घरी काय सांगशील?"

"आन् मास्तर झाल्यावर काय सांगू?" तो म्हणाला. "मला बी वर्ग देतील. त्याला बी ओटी असंल. मग मी बी हळूहळूच करायचं व्हय?"

तो गेला आणि माझं मन थाऱ्यावर राहीना. दुकानातून घरात, घरातून दुकानात. कोरं पान छापणं गुन्हा आहे का? मजकूरच नाही तर राजद्रोह कशातून काढणार? पण कायद्याला कारण लागतंच असं कुठं आहे? आणि मी कोण या पोराचं आयुष्य जुगारावर लावणारी? संपादक तो, पान त्याचं, जे जाईल तेही त्याचंच जाणार. मग 'नको' म्हणायचा अधिकार मला की त्याला? हे कोडं तेव्हा सुटलं नाही, आणि आत्ता लिहितानाही पाय हलतोय माझा.

शेवटी फर्मा बांधला. लोकांना वाटतं, कोरं छापायचं म्हणजे काही करायचंच नाही. तसं नाही हो! कागदावर जी जागा कोरी दिसते तिथं फर्म्यात शिशाचे कोरे ठोकळे भरावे लागतात, अक्षरापेक्षा जरा बुटके, म्हणजे त्यांना शाई लागत नाही. ते ढिले राहिले तर यंत्राच्या हादऱ्यानं वर येतात आणि कागदावर काळे डाग उमटतात. पानभर ठोकळे मी आयुष्यात कधी भरले नव्हते. आणि चौथं पान शेवटचं, म्हणून त्याच्या तळाला छापणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे. सगळं पान पांढरंफेक आणि खाली बारीक अक्षरात फक्त माझं नाव. कर्म माझं!

बाबूमामांनी पहिला कागद काढला आणि डोळे बारीक केले. "बाई, मला वाचता येत न्हाई. पन हितं कायतरी लय मोटं लिवलंय."

"काही लिहिलेलं नाही, मामा."

"मग जीव का घाबरतोय?"

ठोकळे चार वेळा वर आले. चार वेळा यंत्र थांबवून मी पाचरी ठोकल्या. मामा म्हणाले, "कोरं ऱ्हायला बी तयार न्हाई बगा ह्ये." त्यातच पोलीस चौकीचे जमादार डोकावले, महिन्याला येऊन छापलेल्या कागदांवर नजर टाकायचं त्यांचं काम. त्यांनी अंक उचलला, पानं उलटली, कोऱ्या पानावर थांबले, उन्हात धरून पाहिलं, परत ठेवलं. "ह्यात काय हाय?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी तळाशी बोट ठेवलं. "तुमचं नाव हाय खाली," असं म्हणाले आणि विडा न खाता गेले. एरवी विडा खाल्ल्याशिवाय हलत नसत.

तपासणीच्या दिवशी गठ्ठा घेऊन सकाळच्या गाडीनं मीच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवणं शक्यच नव्हतं. घरी बसून मला वेड लागलं असतं. शाळा झाडूनपुसून लख्ख केलेली. ओटी सारवलेली, रिकामी. ओटीवरच्या पोरांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. म्हणजे डेप्युटीसाहेबांना काही दिसायलाच नको.

हेडमास्तर घाईत होते. गठ्ठा सोडून त्यांनी वरचा अंक न उघडताच डेप्युटींच्या हातात दिला. डेप्युटी गोरेपान, हसतमुख गृहस्थ. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मग चौथं.

"हे पान कोरं कसं?"

हेडमास्तरांनी पाहिलं. चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दारात उभ्या दगडूकडं. मला वाटलं, झालं आता! पण मास्तर तो मास्तरच. दुसऱ्या क्षणी म्हणाले, "सुलेखनासाठी, साहेब. प्रत्येक विद्यार्थी आपल्या अंकाचं शेवटचं पान स्वतःच्या हस्ताक्षरात भरतो. ट्रेनिंग शाळेचं मासिक आहे, मास्तरांचं अक्षर दिसायला हवं."

"वा!" डेप्युटी खूश झाले. "फार नामी कल्पना. मग भरवून घ्या ना. जेवण झालं की पाहतो."

आता जेवण तर हेडमास्तरांच्याच बंगल्यावर. तिथं ते स्वतः नकोत का? त्यांनी विद्यार्थ्यांना ओटीलगतच्या वर्गात बसवलं, एकेक अंक वाटला, 'शिस्त' या विषयावर पानभर लिहा, असं सांगितलं आणि संपादक म्हणून देखरेखीला दगडूला ठेवलं. खरंच ठेवलं हो! विद्यार्थ्याला काम नेमून दिलं की तो तेच करतो, यावर त्यांचा सगळा जन्म उभा होता.

मी ओटीवर बसले होते. बसल्या बसल्या मान लांब करून आत पाहिलं. फळा दिसेना. जरा सरकले, तरी दिसेना. दाराची चौकट आड येत होती. आतून दगडूचा आवाज मात्र येत होता. तो शुद्धलेखन घालत होता, सावकाश, प्रत्येक वाक्य दोनदा, मास्तर घालतात तसं. "ओटीवरील मुलांस. मास्तरांचा आवाज. ऐकू येतो." आणि टाकांची कुरकुर.

मी उठून बंगल्यावर जाऊन सांगू शकले असते. उठले नाही.

सगळ्यांनी तेच लिहिलं असं नाही, खोटं कशाला सांगू. पाच-सहा जणांनी शिस्तच लिहिली, एकानं तर कोरंच ठेवलं. पण बाकीच्या अंकांवर निरनिराळ्या वळणांत तोच लेख. जेवून आलेले डेप्युटी अक्षरं बघू लागले. "छान. वळणदार. हे कुणाचं? वा." मग बघता बघता वाचू लागले. मग नुसतंच वाचत राहिले. शेवटी अंक खाली ठेवून ते चालत ओटीवर आले आणि मी बसले होते तिथं उभं राहून त्यांनी आत पाहिलं.

मग हेडमास्तरांच्या खोलीत आम्ही चौघं. काचेतला हुकूम भिंतीवर. डेप्युटींनी विचारलं, "लेख कुणाचा?"

"माजा," दगडू म्हणाला.

हेडमास्तरांनी आपली बाजू मांडली. गाव, शाळा बंद पडण्याची भीती, सगळं. डेप्युटी ऐकत होते. मग म्हणाले, "मजकूर खरा आहे, तो मी रिपोर्टात घेतो. त्या मुलांना आत बसवावं लागेल. पण शेडगे, सरकारी शाळेच्या मासिकात परवानगी नसताना हे आलं कसं? खरं असलं म्हणून काय झालं? खरं लिहायलाही परवानगी लागते."

"मग खोटं लिवायला, साहेब?" दगडूनं विचारलं. "सूर्योदयावर लिवलं तवा कुनी विचारलं न्हाई की तू कदी बगितला का."

डेप्युटींना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. माणूस भला होता. पोराला वाचवायची वाट शोधत होता. माझ्याकडं वळून सावकाश म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. हे पान कोरं राहिलं ते छापखान्याच्या चुकीनं ना? मजकूर गाळला, आणि भरायचं राहून गेलं. असं होत असेल. तसं असलं तर कोरं पान दिसलं म्हणून मुलांनी उत्साहात काहीबाही लिहिलं, एवढंच उरतं. मला पुढं काही करावं लागणार नाही."

हेडमास्तरसुद्धा आशेनं बघत होते माझ्याकडं. मला तर देवच पावल्यासारखं झालं. माझ्या छापखान्याची अब्रू गेली खड्ड्यात, पोरगा मास्तर होईल!

मी म्हटलं, "होय साहेब. माझीच चूक. भरायचं राहून गेलं."

"काकू खोटं बोलत्यात," दगडू म्हणाला.

मी त्याचा दंड धरून ओढला. तो जागचा हलला नाही. "चूक न्हाई झाली, साहेब. ते पान मी कोरं ठेवाय सांगितलं. काकू आरोग्याचे नेम घालत व्हत्या, मी नको म्हनलो."

"शेडगे, विचार कर," हेडमास्तर म्हणाले. "तुझं सर्टिफिकेट."

"केलाय विचार."

डेप्युटींनी टाक उचलला. आता लिहिण्याशिवाय त्यांनाही गत्यंतर नव्हतं. दगडूचं नाव त्याच दिवशी कमी झालं. 'पाटी' बंद झाली. माझ्याकडं परत शाळेचं काम आलं नाही, जमादार मात्र दर आठवड्याला येऊ लागले. ओटीवरच्या पोरांना आत घेतलं. गावानं खरोखरच निम्मी पोरं काढून नेली. मग काही परत आली, काही नाही. हेडमास्तरांची बदली झाली. कोण बरोबर होतं म्हणाल, तर मला तुकड्यातुकड्यानं सगळेच बरोबर वाटतात आणि झोप लागत नाही. दगडूनं पुढं शेती केली, जंगल खात्यात मुकादमी केली. मास्तर काही तो कधी झाला नाही.

पण हे सगळं मागाहून. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच गाडीनं परतलो. त्याला कामशेतला उतरून पुढं पायी जायचं होतं. त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि वळकटी. मी गाडी सुटल्यापासून तोंड सोडलं होतं. मूर्ख म्हटलं, आडमुठा म्हटलं, आईला काय तोंड दाखवशील म्हटलं. "अरे, मी घेत होते ना अंगावर! एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं? चूक झाली म्हटलं असतं, संपलं असतं!" आणि म्हणता म्हणता मी रडायलाच लागले, भर डब्यात.

तो खिडकीतून बाहेर भातखाचरांकडं बघत होता. कामशेत आलं, तसा उठला, वळकटी खांद्यावर टाकली, वाकून माझ्या पाया पडला.

"काकू," तो म्हणाला, "ते पान चुकून कोरं ऱ्हायलं असतं, तर ती पोरं बी चुकूनच ओटीवर बसली असं झालं असतं."

गाडी फार वेळ थांबत नाही तिथं. तो पेटी घेऊन उतरला.